जोड

आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, कानांवर मास्क टिकत नसे. २०२० साली सगळ्यांच्या घरी जे प्रश्न होते त्यात आमच्याकडे हा एक जादा. पैलवानाचे कान ते. वर्षानुवर्षं मातीत घासलेले, समोरच्याच्या डोक्याखाली चेंगरलेले, आत रक्त साकळून तसेच घट्ट होऊन बसलेले. सुकलेल्या अंजिरासारखे दिसायचे. नाडी अडकायला कानामागे खाच लागते, तीच उरली नव्हती. दाराबाहेर चार पावलं टाकली की मास्क हनुवटीला. शेवटी आईने नाड्या कापल्या आणि जुन्या साडीच्या लांब पट्ट्या शिवून दिल्या, डोक्यामागे गाठ मारायला. आबांनी आरशात बघितलं, "लंगोट तोंडाला बांधल्यावानी झालं की," म्हणाले आणि दंड थोपटून भाजी आणायला गेले.

मी अकरा वर्षांची होईपर्यंत आम्ही गावी आणि आबा मुंबईत असायचे. वर्षातून दोनदा यायचे, जत्रेला आणि दिवाळीला. त्यांच्या आयुष्याबद्दल त्यांच्या तोंडून मी फार कमी ऐकलं. काही आईकडून कळलं, काही चुलत्यांकडून, आणि बरंचसं कोपरखैरण्यात तालमीच्या दाराशी, आंब्याच्या रिकाम्या पेटीवर बसून.

गाव वारणाकाठचं, शिराळा तालुक्यातलं. मारुतीच्या देवळामागे तालीम, तिथे आबा मोठे झाले. सतराव्या वर्षी कोल्हापूरला धाडले गेले. तालमीतच राहायचं, पहाटे जोर-बैठका, मग मातीत लढत, मग आपल्या हाताने भाकरी थापायची, झोपायचं, दुपार उतरली की पुन्हा तेच. घरून एसटीने तुपाची बरणी यायची. खासबागेत त्यांनी एकदाच कुस्ती केली, तीही मोठ्या कुस्त्यांच्या आधी, लोक अजून जागा धरत होते तेव्हा. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधून घेतलेलं हे मैदान मधोमध खोल आहे आणि बैठक उतरती, त्यामुळे अगदी शेवटी बसलेल्यालाही माती दिसते. आबा त्या दिवशी जिंकले की हरले, हे मी त्यांना तीन वेळा विचारलं. तिन्ही वेळा त्यांनी मला मैदानाचा उतार समजावून सांगितला.

१९७२च्या दुष्काळात आमची म्हैस आधी आटली, मग विकली गेली. पैलवानकी सुटायला एवढं पुरलं. आबा चुलत्याच्या मागोमाग मुंबईच्या धान्यबाजारात, दाणाबंदरात आले आणि पाठीवर पोती घ्यायला लागले. स्वतः ६८ किलोचे, पोतं १०० किलोचं. माथाडी कायदा १९६९ साली झाला होता, त्यामुळे मजुरी मंडळात जमा होऊन हातात पडायची, फंड कापला जायचा. ज्यांनी हे घडवून आणलं त्या अण्णासाहेब पाटलांचा फोटो आमच्या घरात मारुतीच्या शेजारी होता. अजून आहे. आई दोघांनाही हार घालते.

नव्वदच्या सुरुवातीला धान्याचा बाजार वाशीला आला, आबांना कोपरखैरण्यात खोली मिळाली आणि आम्ही गाव सोडलं. तेव्हा अर्धं कोपरखैरणं आमच्यासारखंच होतं, साताऱ्या-सांगलीकडचं. जिन्यात पाटणची बोली, गॅलरीत जावळीची. खाडीकडून वारा आला की खारट वास यायचा, त्याची आईला कधी सवय झाली नाही.

संध्याकाळी सातला कामावरून आलेला माणूस काय करेल? आबांनी तालीम काढली. कॉलनीच्या कडेला मोकळी जागा होती, तिथे पत्र्याची शेड. बाजारातल्या हमालांच्या टोळ्यांनी वर्गणी दिली, शेजारच्या आगरी गावातल्या मंडळींनी बांबू आणि पत्रे दिले. आगऱ्यांना कुस्तीचं वेड आमच्यापेक्षा काकणभर जास्तच. माती मात्र इथली नको, असा आबांचा हट्ट. तांबडी माती गावाकडून आली, गुळाच्या ट्रकमधून. ढेपा उतरल्या की तळाशी मातीची पोती. ड्रायव्हरला दर फेरीला एक कोंबडी द्यावी लागे.

हौद, म्हणजे कुस्तीच्या मातीचा खड्डा, भरण्याचं काम मी जवळून बघितलंय. माती आधी चाळायची, हरभऱ्याएवढा खडासुद्धा राहता कामा नये. मग त्यात तेल, ताक, हळद, लिंबाचा रस, कापूर. पायाने तुडवायची, फावड्याने उलटायची, पुन्हा तुडवायची. हळद खरचटलेल्याला, तेल आणि ताक माती मऊ राहायला. रोज लढतीआधी एकाने पूर्ण हौद खणायचा, आणि ते काम आबा त्या दिवशी सगळ्यात जास्त मस्ती केलेल्या पोराला देत. कंबर मोडून जाई. तो वास, आंबट आणि हळदीचा आणि घामाचा, माझ्या दप्तराला लागायचा. शाळेत शेजारच्या मुलीने एकदा विचारलं, तुझ्या डब्यात काय आहे?

दप्तर तिथे असायचं कारण माझ्याकडे वही होती. आबांचं शिक्षण चौथी. लिहायला बसले की पेन असं आवळत की कागद फाटे. म्हणून मी दाराशी बसून लिहायचं. हौदात पाय ठेवायचा नाही, बाईमाणसाने माती तुडवू नये, तो नियम तेव्हा कुणी मोडत नव्हतं. पेटीवर बसायला हरकत नव्हती. दोनशे पानी वही, रेघा मारून रकाने: तारीख, नाव, सेक्टर किंवा गाव, वजन, जोड, निकाल. निकालाच्या रकान्यात तीनच शब्द येत. चीत, बरोबर (म्हणजे बरोबरीत), सोडली.

जोड म्हणजे कुणाची कुस्ती कुणाबरोबर. बाहेरच्याला वाटतं वस्तादाचं काम डाव शिकवणं. डाव तर मोठी पोरं लहान पोरांना शिकवतात, घिस्सा, ढाक, पट, सगळे. वस्ताद जोड लावतो. फार तगड्याशी लावली तर पोर घाबरतं आणि आठवड्यात तालीम सोडतं. फार हलक्याशी लावली तर शेफारतं. मधे कुठेतरी एक पोर असतं ज्याच्याशी लढताना दोघांचीही तारांबळ उडते आणि दोघंही दुसऱ्या दिवशी वेळेआधी येतात. ते पोर हुडकायचं.

आबा हे काम दिवसाही करत. पाठीवर पोतं चढवायला दोघं हात देतात. त्या दोघांची उंची सारखी नसेल तर भार बुटक्याकडे घसरतो आणि तिसऱ्याची कंबर जाते. टोळीचे मुकादम झाल्यावर आबा सकाळी गाळ्यावर उभे राहून सांगत, तू ह्याच्यासंगं, तू त्याच्यासंगं. कुणाला रात्री झोप लागली नाही, कुणाची बायको माहेरी गेलीय, कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे, सगळं त्यात धरलेलं असे. हे मला त्यांच्या टोळीतल्या एका काकांनी सांगितलं, आबा गेल्यावर. आबांना विचारलं असतं तर "उंची बघायची," एवढंच म्हणाले असते.

दिवसभर त्यांच्यासमोर काटा असायचा. पोतं चढतं, तोलणारा आकडा ओरडतो, पावती फाटते. संध्याकाळी मात्र त्यांना काटा नको असे. पोरांची वजनं मी लिहायची खरी, पण ती भंगारवाल्याच्या काट्यावर महिन्यातून एकदा करून आणलेली. आबा ती वाचायला सांगतच नसत. म्हणत, "पोत्याला ठीक हाय."

मग ते काय बघत? मी पेटीवर बसून खूप दिवस हेच शोधत होते. नवा पोरगा आला की त्याला आधी हौदाभोवती पाच फेऱ्या पळायला लावत आणि स्वतः दुसरीकडे बघत उभे राहत. ते ऐकत होते, हे मला फार उशिरा कळलं. धाप कधी लागते, लागल्यावर तोंडाने घेतो की नाकाने, थांबला की किती वेळात खाली बसते. मग मनगट धरत. मग घोटे बघत. मान शेवटी. दंडाकडे ढुंकूनही नाही. दंड फुगवून आलेल्या पोरांची तिथेच पंचाईत व्हायची.

(माझ्या लग्नाच्या वेळी मुलगा बघायला आला, म्हणजे आम्हीच त्याला बघत होतो, तेव्हा आबांनी पगार विचारला नाही, शेती विचारली नाही. तीन मजले चढून आलेल्या त्या माणसाला दारातच उभं करून "पाणी घेणार का?" असं विचारत अर्धा मिनिट काढला. आत येऊन आईला म्हणाले, बरा आहे. आम्हा दोघांची जोड आबांनी बरी लावली की नाही, हे इथे लिहिण्यासारखं नाही. बरोबरीत सुटेल असं सध्या तरी दिसतंय.)

चैत्र-वैशाखात ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या आगरी गावांच्या जत्रा लागतात. गावदेवीची पालखी, तिखट मटण आणि संध्याकाळी कुस्त्यांचं मैदान. हलगी कडाडायला लागली की वस्ताद आपल्या पोराचा हात धरून मैदानाला फेरी मारतो, हात उंच करून. आहे का कुणाची जोड? गर्दीतून दुसरा वस्ताद आपलं पोर पुढे ढकलतो. दोन्ही पोरांना शेजारी उभं करतात, पाठीला पाठ लावतात, लोक ओरडतात, मोठं आहे, लहान आहे, लावा, नका लावू. नारळावरच्या कुस्तीपासून सुरुवात, मग ११ रुपये, २१, ५१, आणि अंधार पडता पडता हजारातल्या. जोड ठरली की दोघांनी माती कपाळाला लावायची, एकमेकांच्या हातावर टाकायची, सलामी आणि खडाखडी.

१९९८च्या वैशाखातली एक नोंद माझ्या वहीत आहे. आमच्या तालमीतला मुलगा, एकोणीस वर्षांचा, ५८ किलो. समोर पनवेलकडचा, त्याच्या वस्तादाने सांगितलेलं वजन ६४. मी लिहिता लिहिता म्हणाले, "आबा, सहा किलोचा फरक."

"लिव तू."

मी लिहिलं.

आमच्या पोराचा हुकमी डाव कलाजंग. खाली बसायचं, एक हात समोरच्याच्या मांडीतून घालायचा, दुसऱ्याने त्याचा दंड ओढायचा आणि त्याला खांद्यांवर आडवा घेऊन पलीकडे टाकायचा. पोतं पाठीवर घेणाऱ्यांच्या वस्तीत हा डाव सगळ्यांनाच पटकन येई. त्याने दोनदा घ्यायचा प्रयत्न केला, दोनदा समोरचा सुटला. तिसऱ्यांदा घेतला. उठताना डावा गुडघा आत वळला. हलगी वाजत असूनही तो आवाज मला ऐकू आला.

तो मुलगा रात्रपाळीला होता. भायखळ्याचा भाजीबाजार १९९६ मध्ये वाशीला आला, तेव्हापासून तो तिथे मध्यरात्रीपासून भाजीच्या गाड्या खाली करायचा. त्या दिवशी सकाळी नऊला सुटला आणि झोपलाच नाही, जत्रा म्हणून. टोळीतल्या प्रत्येकाची झोप विचारणाऱ्या माझ्या बापाने त्या दिवशी त्याला झोप विचारली नव्हती.

आबांनी फंडातून उचल घेऊन ऑपरेशनचे पैसे दिले. वर्षभर दर रविवारी त्याच्या घरी जायचे. त्याची आई दार उघडायची, पाणी द्यायची, बोलायची नाही. आबा अर्धा तास बसून परत यायचे. मुलगा पुन्हा कधी लढला नाही. पुढे त्याने टेम्पो घेतला आणि आता त्याच्या तीन गाड्या आहेत, पण जिना चढताना तो अजून कठड्याला धरतो. निकालाच्या रकान्यात मी 'सोडली' असं लिहिलं होतं. आबांनी कधी विचारलं नाही काय लिहिलंस म्हणून.

महिन्याभरात तालमीच्या दाराशी काटा आला. बाजारातलाच, जुना, लोखंडी फळीचा, वजनं टाकायचा. तीन किलोच्या वर फरक असेल तर जोड नाही, असा नियम आबांनी केला आणि शेवटपर्यंत पाळला. मला हे तेव्हाही चुकीचं वाटलं होतं. त्या पोराचा गुडघा सहा किलोंनी गेला नव्हता, झोपेने गेला होता, आणि झोप मोजणारा काटा बाजारात मिळत नाही. आबांनाही ते माहीत होतं, याबद्दल मला शंका नाही. तरी त्यांनी काटा आणला. स्वतःच्या नजरेला दिलेली ती शिक्षा होती की पुढच्या पोराच्या आईला दाखवायला काहीतरी हातात हवं होतं, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. फेऱ्या मात्र बंद झाल्या नाहीत. आधी काटा, मग पाच फेऱ्या.

२००९ मध्ये शेडच्या जागी हॉल झाला आणि मातीऐवजी गादी, म्हणजे मॅट, आली. गादीवर वस्तादाने जोड लावायची गरज उरत नाही. वजनगट ठरलेले, सकाळी काट्यावर उभं राहायचं, मग चिठ्ठ्यांत जे नाव निघेल ते तुझं. तीन-तीन मिनिटांचे दोन भाग, प्रत्येक पकडीला गुण. मातीत दोन्ही खांदे टेकेपर्यंत कुस्ती संपत नाही. अर्धा अर्धा तास चालते. गादीवर माणूस चीत न होताही हरतो, हे आबांच्या पचनी पडलं नाही. महाराष्ट्र केसरीत माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता शेवटी एकमेकांशी भिडतात, तेव्हा आबा टीव्हीसमोर मातीवाल्याच्या बाजूने असत, मग तो कुठल्याही जिल्ह्याचा असो.

मी त्यांना खाशाबा जाधवांवरून डिवचायची. गोळेश्वरचा माणूस, आपल्याच मुलखातला, मातीत वाढलेला, आणि १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक आणलं ते गादीवर लढून, ५७ किलो गटात. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. त्यांना पाठवायला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी, खर्डेकरांनी, स्वतःचं घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. आबांना कुस्तीपेक्षा या घराच्या गोष्टीतच जास्त रस. "प्राचार्यानं बरोबर जोखला," म्हणायचे. "गडी ५७ किलोचा, घर गहाण." २०१३च्या फेब्रुवारीत कुस्ती ऑलिम्पिकमधूनच काढायचं घाटलं, तेव्हा मात्र आबा चिडले. गादीला रोज नावं ठेवणारा माणूस आठ दिवस गादीची बाजू घेऊन नाक्यावर भांडत होता. सप्टेंबरात निर्णय फिरला. दुसऱ्या दिवसापासून गादीला पुन्हा शिव्या.

मुलीही त्या हॉलमध्येच यायला लागल्या. आधी दोघी, मग २०१६ला साक्षी मलिकला रिओत पदक मिळालं आणि एका महिन्यात अकरा. आबांनी त्यांना पळायला लावलं, कान देऊन ऐकलं, मनगटं धरली, सगळं तसंच. एका मुलीला तर सरावाला मुलाबरोबर लावलं. तिच्या बापाने विचारलं, हे कसं? आबा म्हणाले, "दुसरं कोण तिला पुरंना, मी काय करू?" मी रविवारी माहेरी आले की हॉलच्या कडेला उभी राहून बघायची. कौतुक वाटायचं, हे खरं. पोटात कालवायचं, हेही तितकंच खरं. एकदा परत येताना विचारून टाकलं, मला का नाही उतरवलं?

ते थोडा वेळ चालत राहिले. मग म्हणाले, "वही कुणी लिवली असती?"

या उत्तराचा राग मला अजून आहे. माझे घोटे चांगले आहेत. नाकाने श्वास घेते.

२०२१च्या हिवाळ्यात आबांना ॲडमिट केलं, छातीत पाणी झालं म्हणून. नर्सने वजनाला उभं केलं. ५१. आबांनी खाली वाकून आकडा बघितला, मग नर्सकडे बघितलं आणि मला म्हणाले, "ह्यांचा काटा तपासून घे म्हणावं." वॉर्डात समोरासमोरच्या खाटांवर दोन म्हातारे होते, एक मालवणकडचा, एक उत्तर प्रदेशचा, आणि दोघं सलाइन लावलेल्या हाताने पत्ते खेळत. आबा दिवसभर त्यांना बघायचे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, जोड चांगली हाय. चौथ्या दिवशी पहाटे गेले. त्यांना खांदा द्यायला टोळीतली माणसं आली आणि त्यांची उंची सारखी नव्हती. स्मशानापर्यंत ती चारदा जागा बदलत राहिली. तो टेम्पोवाला मुलगा मागून चालत होता, कुणाच्या तरी खांद्याला धरून.

हौदाच्या मातीचं राहिलं. हॉलचा कोबा घालायच्या आदल्या दिवशी माती उचलून टाकणार होते. आबांनी त्यातली दोन पोती भरली आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी स्वतःच्या पाठीवर तीन मजले चढवली, जिन्यात कुणाला हात लावू दिला नाही. पहिलं पोतं पाठीवर चढवायला तेवढा मी आणि माझ्या भावाने हात दिला. भाऊ माझ्यापेक्षा वीतभर उंच, त्यामुळे सगळा भार माझ्याकडे आला आणि आबा शिव्या देत होते ते आम्हा दोघांना. आईने गॅलरीतल्या कुंड्यांत ती माती भरली आणि तुळस लावली. आठ दिवसांत तुळस गेली. पुन्हा लावली, पुन्हा गेली. मग गवती चहा, मग कोरफड, जी म्हणे कुठेही येते. ती पण नाही. तेल फार, आई म्हणते, आणि हळद आणि बाकी काय काय. कुंड्या टाकून दे म्हटलं तर टाकत नाही. एका कुंडीत संध्याकाळी उदबत्ती लावते. ती सरळ उभी राहते.